±१२ व्होल्टांचे केऑस ट्रिगर सर्किट ५ व्होल्टांवर का अडते?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत याची खात्री होईल. आपल्याकडे ५ व्होल्टांवर चालणारा छोटा मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटी मॉड्युले तारांनी जोडून बनणारे संगीताचे इलेक्ट्रॉनिक यंत्र, आहे आणि त्यात ऑडिओपासून ट्रिगरपर्यंत (ठोका वाजवायला सांगणाऱ्या छोट्या स्पंदापर्यंत) सगळे सिग्नल ० ते ५ व्होल्टांच्या दरम्यान असतात. युरोरॅक या मॉड्युलर सिंथच्या प्रचलित पद्धतीसाठी, म्हणजे ±१२ व्होल्टांसाठी काढलेले एक केऑस ट्रिगर जनरेटरचे (कधीच तंतोतंत पुन्हा न येणाऱ्या हालचालीतून ठोके काढणारे) सर्किट आपण ब्रेडबोर्डवर उभे केले. त्यात तीन इंटिग्रेटर (इनपुट काळानुसार साठवत जाणारे ऑप-अँपचे टप्पे), एका डायोडची शाखा आणि शेवटी एलएम३९३ मधले दोन कंपॅरेटर (व्होल्टेज ठरलेली पातळी ओलांडते का ते पाहणारे) आहेत. ±१२ व्होल्टांवर ते उत्तम चालले. मग आपण दोन रेझिस्टरांच्या मधून २.५ व्होल्टांचा व्हर्च्युअल ग्राउंड, म्हणजे सर्किटने शून्य मानायचा मधला बिंदू, काढला, त्यातल्या टीएल०७४ या ऑप-अँपच्या आयसीला ५ व्होल्ट दिले, आणि आउटपुट साडेतीन व्होल्टांवर जाऊन चिकटले. रेल-टू-रेल, म्हणजे सप्लायच्या दोन्ही टोकांपर्यंत (रेलपर्यंत) जाणारा, ऑप-अँप लावल्यावर ते हलू लागले खरे, पण आता ते घड्याळासारखे नियमित ठोके देते. यावर आपण विचारता की नेमका कोणता ऑप-अँप लावावा.

एका आयसीचे नाव सांगून मोकळे होता आले असते, आणि ते नाव मी पुढे देणारही आहे. परंतु आपल्या प्रश्नात दोन वेगळे दोष एकमेकांत गुंतले आहेत. पहिला ऑप-अँपचा होता आणि तो आपण स्वतःच दूर केला. दुसऱ्याचा ऑप-अँपशी संबंध नाही. सप्लाय कमी केला की सर्किटमधली काही व्होल्टेजे त्याच प्रमाणात आकसतात आणि काही जागची हलत नाहीत. केऑस मात्र टिकून असतो तो या सगळ्यांच्या आपसांतल्या प्रमाणावर. सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टांच्या आसपासच उघडणार, मग सप्लाय २४ व्होल्टांचा असो की ५ चा. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे की आपल्या सर्किटमधले कोणते व्होल्टेज आकसले आणि कोणते आकसले नाही.

टीएल०७४ चे प्रकरण आधी उरकून घेऊ. त्याच्या जुन्या डेटाशीटमध्ये ±१५ व्होल्टांच्या सप्लायवर इनपुटची खात्रीशीर मर्यादा ±११ व्होल्ट दिलेली आहे. म्हणजे इनपुट दोन्ही रेलपासून चार-चार व्होल्ट आत असेल तरच हा आयसी दिलेला शब्द पाळतो. आता एकूण ५ व्होल्टांतून वरचे चार आणि खालचे चार वजा करून पाहा. प्रत्यक्षात वरच्या रेलजवळ तो बराच सढळ वागतो, पण खालच्या रेलजवळ त्याचा भरवसा नाही. तिथे इनपुट फार खाली गेले की आउटपुट उलट्या दिशेला उडी मारते आणि इंटिग्रेटरच्या फेऱ्यात सापडले की तिथेच अडकून राहते. आपला व्हर्च्युअल ग्राउंड ग्राउंडपासून अवघा अडीच व्होल्ट वर आहे, म्हणजे तो मुळातच या वर्ज्य पट्ट्यात येतो. शिवाय त्याचे आउटपुट रेलच्या साधारण दीड व्होल्ट आधी थांबते, म्हणून आपल्याला साडेतीनचा आकडा दिसला. नव्या टीएल०७४एच आवृत्तीला ४.५ व्होल्टही पुरतात, पण दुकानात मागितल्यावर हातात येतो तो बहुधा जुनाच प्रकार.

५ व्होल्टांसाठी मी वर्षानुवर्षे एमसीपी६००४ वापरतो. तो १.८ ते ६ व्होल्टांवर चालतो, त्याचे इनपुट आणि आउटपुट दोन्ही रेलपर्यंत जातात, पायांची रचना टीएल०७४ सारखीच असते आणि इनपुट करंट पिकोअँपिअरमध्ये असल्यामुळे संथ इंटिग्रेटरांसाठी तो फार सोयीचा पडतो. वेग जेमतेम १ मेगाहर्ट्झचा आहे, पण सेकंदाला दोन-चार ठोके देणाऱ्या सर्किटला तेवढाही जास्तच आहे. सवयीने ९ व्होल्टांची बॅटरी मात्र त्याला लावू नका, कारण ७ व्होल्ट ही त्याची शेवटची सीमा आहे. ९ व्होल्टांची यंत्रणा असेल तर १६ व्होल्टांपर्यंत चालणारा टीएलव्ही२३७४ घ्यावा.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकदा मी रेल-टू-रेल म्हणून आणलेली अख्खी पिशवी वरचे नाव घासून पुन्हा छापलेली निघाली. तेव्हापासून मी प्रत्येक नवा आयसी आधी ५ व्होल्टांवर साधा फॉलोअर (इनपुटइतकेच आउटपुट देणारी जोडणी) करून तपासतो. इनपुटला ४.८ व्होल्ट दिल्यावर आउटपुट ४.८ च्या जवळ आले तर आयसी खरा. साडेतीनच्या पुढे सरकले नाही, तर आत एलएम३२४ च्या, म्हणजे वरच्या रेलपर्यंत न जाणाऱ्या ऑप-अँपच्या, जातीचे काहीतरी आहे असे समजावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. तीन इंटिग्रेटर आणि एक डायोडची शाखा असे आपण वर्णन केले आहे, त्या अर्थी हे जर्क प्रकारचे, म्हणजे तिसऱ्या विकलजाच्या एकाच समीकरणावर चालणारे सर्किट असावे (विकलज म्हणजे बदलाचा दर). या कुळातले एक अगदी सुटसुटीत समीकरण लिंझ आणि स्प्रॉट यांनी १९९९ मध्ये मांडले. एक्स हे सर्किटमधले बदलते व्होल्टेज धरून शब्दांत सांगायचे तर एक्सचा तिसरा विकलज बरोबर उणे ए गुणिले दुसरा विकलज, उणे पहिला विकलज, अधिक एक्सचे निरपेक्ष मूल्य, उणे १. यातला ए हा आकडा ०.६ च्या आसपास असला की केऑस मिळतो. तो वाढवत नेला की हालचाल हळूहळू आवर्ती होते आणि १ च्या पुढे नेला की सर्किट एका बिंदूवर शांत बसते. उलट तो फार कमी केला तर सर्किट भरकटून रेलला जाऊन धडकते.

या समीकरणाचा एक गुण आपल्या फार उपयोगाचा आहे. निरपेक्ष मूल्य काढण्याची क्रिया लहानमोठेपणा जसाच्या तसा पुढे देते. एक्स निम्मा केला तर त्याचे निरपेक्ष मूल्यही निम्मेच होते. त्यामुळे हालचालीचा आकार ठरवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे शेवटी वजा केलेला तो १. सर्किटमध्ये हा १ म्हणजे एका रेझिस्टरमधून आत सोडलेले संदर्भ व्होल्टेज असते. ते चतुर्थांश केले की प्रत्येक इंटिग्रेटरचे आउटपुट चतुर्थांश होते आणि हालचालीचा घाट मात्र तोच राहतो. वेगही बदलत नाही, कारण तो फक्त रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर ठरतो. ४७० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड यांचा गुणाकार ४७ मिलिसेकंद येतो. त्याला साधारण ६.३ ने गुणले की एका फेरीला सुमारे ०.३ सेकंद लागतात, मग सप्लाय काहीही असो. सारांश असा की या कुळातले सर्किट सप्लायपुढे हतबल नसते, संदर्भ व्होल्टेज कमी केले की ते लहान घरात मावते.

मात्र ही सवलत सर्वच केऑस सर्किटांना मिळत नाही. लॉरेन्झ यांच्या १९६३ च्या समीकरणांत दोन चलांचा गुणाकार येतो आणि त्यासाठी बहुतेक आकृत्यांत एडी६३३ हा गुणक वापरलेला असतो. तो गुणाकाराला १० व्होल्टांनी भागतो आणि त्याला किमान ±८ व्होल्ट लागतात. अशी आकृती ५ व्होल्टांवर आणण्याच्या भानगडीत मी पडत नाही आणि आपणही पडू नये.

मग आपल्या सर्किटमध्ये ठोके नियमित का झाले? माझा संशय त्या डायोडवर आहे. ±१२ च्या आकृत्यांत निरपेक्ष मूल्याऐवजी अनेकदा नुसता १एन४१४८ हा सिलिकॉन डायोड एका रेझिस्टरच्या पुढे मांडलेला असतो. हालचाल ±६ व्होल्टांची असते तेव्हा ०.६ व्होल्ट म्हणजे तिचा दहावा हिस्सा होतो आणि वाकण्याची जागा शून्याच्या जवळच आहे असे धरून चालते. ५ व्होल्टांवर हीच हालचाल ±१.२ व्होल्टांची होते आणि तेच ०.६ व्होल्ट आता तिचा निम्मा भाग खातात. समीकरणातले कोपऱ्याचे ठिकाण शून्यावरून बरेच दूर सरकते. डायोड फेरीतल्या थोड्याच काळापुरता उघडतो आणि सर्किट केऑसच्या पट्ट्यातून बाहेर पडून नियमित फेऱ्या मारू लागते. आपल्याला दिसलेले घड्याळ बहुधा हेच असावे.

उपाय जुनाच आहे. डायोड ऑप-अँपच्या फीडबॅकच्या आत घ्यावा, म्हणजे प्रिसिजन रेक्टिफायर करावा, मग ते ०.६ व्होल्ट ऑप-अँप स्वतः भरून काढतो आणि वाकण्याची जागा व्हर्च्युअल ग्राउंडवर येते. इथे एक हिशेब विसरू नये. हे ०.६ व्होल्ट नाहीसे होत नाहीत, ते ऑप-अँपच्या आउटपुटला सोसावे लागतात. मधल्या २.५ व्होल्टांतून डायोडचे ०.६ आणि रेलजवळचे ०.१ वजा केले की सिग्नलच्या वाट्याला सुमारे १.८ व्होल्ट येतात. मी हालचालीचे टोक १.२ ते १.३ व्होल्टांच्या पुढे जाऊ देत नाही. त्यासाठी संदर्भ व्होल्टेज एका पोटेन्शियोमीटरवर घेतो आणि ऑसिलोस्कोपवर तिन्ही इंटिग्रेटर पाळीपाळीने पाहत, सर्वांत मोठी हालचाल रेलपासून पुरेशी आत राहील तिथे ते पोटेन्शियोमीटर थांबवतो. आकडेमोड करून रेझिस्टर काढण्यापेक्षा हे जलद होते, शिवाय घटकांच्या टक्केवारीतला फरकही त्यातच निस्तरतो.

काही जण ०.६ टाळण्यासाठी डायोडच्या जागी बीएटी८५ सारखा शॉटकी डायोड लावतात. मीही ते करून पाहिले आहे. पडझड निम्म्यावर येते हे खरे, पण आजूबाजूचे रेझिस्टर ४७० किलोओहमचे असताना शॉटकीची उलट गळती त्रास देते आणि ती उष्णतेबरोबर झपाट्याने वाढते. साध्या सिलिकॉन डायोडचे व्होल्टेजही दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टांनी घटते. सकाळचे २० अंश आणि पुण्यातल्या मे महिन्याच्या दुपारचे ४० अंश यांत ४० मिलिव्होल्टांचा फरक पडतो. ±६ व्होल्टांच्या हालचालीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही, पण ±१.२ व्होल्टांत तीन टक्क्यांहून अधिक भरते आणि केऑसच्या पट्ट्यात मधूनमधून नियमित हालचालीच्या ज्या अरुंद खिडक्या असतात, त्यांतल्या एखाद्या खिडकीत सर्किटला ढकलायला तेवढे पुरते. डायोड लूपच्या आत घेतला की हा प्रश्नही जवळजवळ मिटतो.

समीकरणातला ए ०.६ ठेवण्यासाठी ४७० किलोओहमच्या जोडीला ७८० किलोओहम हवा (४७० भागिले ७८०). तो ६८० आणि १०० किलोओहम एकापुढे एक जोडून मिळतो. रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म आणि कपॅसिटर पॉलिएस्टरचे घ्यावेत. त्या ७८० च्या जागी ४७० किलोओहम स्थिर आणि पुढे ५०० किलोओहमचे पोटेन्शियोमीटर ठेवले, तर वाजवताना केऑस आणि नियमित लय यांच्यामध्ये हाताने ये-जा करता येते. माझ्या मते या मॉड्युलवरचे सर्वांत कामाचे बटण तेच आहे.

यानंतर व्हर्च्युअल ग्राउंड. आपण त्या दोन रेझिस्टरांच्या किमती दिलेल्या नाहीत, म्हणून १० किलोओहम धरून चालतो. अशा जोडीचा मधला बिंदू ५ किलोओहमचा स्रोत असल्यासारखा वागतो, म्हणजे २० मायक्रोअँपिअरचा करंट इकडचा तिकडे झाला तरी तो ०.१ व्होल्टाने सरकतो. आपले सर्किट त्या बिंदूला शून्य समजते, त्यामुळे शून्यच हलले की सगळेच हलले. मी १०० किलोओहमची जोडी, मधल्या बिंदूवर १० मायक्रोफॅरड आणि पुढे एमसीपी६००२ मधल्या अर्ध्या भागाचा फॉलोअर अशी रचना करतो. एक आयसी जास्त लागतो, पण तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

याच बाबतीत मी एकदा चांगलाच फसलो होतो. टेबलावर दोन दिवस उत्तम चाललेले मॉड्युल केसमध्ये बसवले आणि ते चार ठोक्यांच्या लंगड्या चालीत अडकले. प्रत्येक चौथा ठोका किंचित उशिरा यायचा आणि पुन्हा तेच. पोटेन्शियोमीटर फिरवले, ऑप-अँप बदलला, केसमधली इतर मॉड्युले एकेक करून काढली, पण फरक पडला नाही. अखेर ऑसिलोस्कोपची दुसरी तार सप्लायवर ठेवली, तेव्हा दिसले की ट्रिगर दाखवणारा एलईडी लागला की सप्लाय ०.३ व्होल्टांनी खाली बसतो. केसमधल्या गोंगाटापासून वाचण्यासाठी मी सप्लायमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि मोठा कपॅसिटर घातला होता, आणि ३ मिलिअँपिअर खाणारा एलईडी मात्र त्या रेझिस्टरच्या पलीकडून, म्हणजे गाळलेल्या बाजूने जोडला होता. सप्लाय ०.३ ने बसला की व्हर्च्युअल ग्राउंड आणि संदर्भ दोन्ही खाली येत. सर्किट स्वतःच्याच ट्रिगरचा धक्का खात होते आणि त्या धक्क्याशी त्याने आपली चाल जुळवून घेतली होती. एलईडीचा एक पाय कात्रीने कापला आणि त्याच क्षणी पडद्यावरची आकृती पुन्हा विस्कटली. एलईडी बीसी५४७ या ट्रान्झिस्टरमार्फत रेझिस्टरच्या अलीकडून जोडल्यावर ते मॉड्युल आजतागायत नीट चालते आहे. केऑसचे सर्किट बाहेरच्या बारीक ठोक्यालाही असे वश होते आणि व्होल्टेज लहान केले की ते अधिकच सहज वश होते, कारण हालचाल पाचपट लहान झाली तरी सप्लायवरचा गोंगाट तेवढाच राहतो. मोबाइलच्या चार्जरवर सर्किट चालवत असाल तर आधी बॅटरीवर चालवून दोन्हींतला फरक पाहा.

आणखी एक अडचण अशी की सुरुवातीला सर्किट कधी कधी मुळीच सुरू होत नाही. या समीकरणाची केऑसची हालचाल सुरुवातीच्या मर्यादित स्थितींतूनच सापडते, त्याबाहेरून सुरुवात झाली तर ते रेलला जाऊन पडून राहते. सप्लाय दिल्यावर वरचा व्हर्च्युअल ग्राउंड अर्धा सेकंद चढत असतो आणि त्या गडबडीत कपॅसिटरांवर काय उरेल ते सांगता येत नाही. म्हणून पहिल्या इंटिग्रेटरच्या कपॅसिटरवर १ किलोओहममधून एक दाबाचे बटण द्यावे. ते दाबून सोडले की सर्किट पुन्हा मार्गी लागते. तेच काम सीडी४०६६ या इलेक्ट्रॉनिक स्विचकडून करून घेतले तर बाहेरच्या ट्रिगरनेही रीसेट देता येतो आणि वाजवताना तो एक वेगळाच खेळ होतो.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: रेल-टू-रेल ऑप-अँप, लूपच्या आतला डायोड, कमी केलेले संदर्भ व्होल्टेज, फॉलोअरमागचा व्हर्च्युअल ग्राउंड आणि एलईडीची वेगळी वाट. एवढे झाले की ५ व्होल्टांवर केऑस परत येतो असा माझा अनुभव आहे. राहिला ट्रिगर काढण्याचा भाग, जो तुलनेने सोपा आहे, पण त्यातही दोन-तीन खाचा आहेत.

एलएम३९३ ला ५ व्होल्ट दिले तर त्याचे इनपुट साडेतीन व्होल्टांपर्यंतच विश्वासू असते आणि सर्व तापमानांचा विचार केला तर ३ पर्यंतच. दोन इनपुटांपैकी एक जरी मर्यादेत असले तरी निकाल बरोबर येतो, म्हणून कंपॅरेटरची पातळी ३ व्होल्टांच्या खाली ठेवावी. वरच्या टोकाची पातळी हवीच असेल तर रेलपर्यंत चालणारा एमसीपी६५४२ वापरावा. हिस्टेरेसिस, म्हणजे चढताना आणि उतरतानाच्या पातळ्यांत थोडे अंतर, ठेवावाच. १० किलोओहम आणि १ मेगाओहम या नेहमीच्या जोडीने ५ व्होल्टांवर सुमारे ५० मिलिव्होल्ट मिळतात, तर २४ व्होल्टांच्या सप्लायवर तीच जोडी पाव व्होल्टाच्या जवळपास देत होती. प्रमाण तेच असले तरी गोंगाट प्रमाणात कमी झालेला नाही, त्यामुळे एका ओलांडणीला दोन-तीन ट्रिगर फुटू शकतात. मी १० च्या जागी २२ किलोओहम लावतो.

ट्रिगरची लांबी कपॅसिटर-रेझिस्टरच्या जोडीने करून पुढे सीडी४०१०६, म्हणजे इनपुट ठरलेली पातळी ओलांडताच आउटपुट उलटवणारा आयसी, लावण्याची पद्धत सर्रास आहे. ५ व्होल्टांवर या आयसीची खालची पातळी एका नगात ०.९ तर दुसऱ्यात २.८ व्होल्ट असू शकते, इतकी सूट डेटाशीटच देते. १० नॅनोफॅरड आणि १०० किलोओहम घेतले तर एका नगावर १.७ मिलिसेकंदांचा आणि दुसऱ्यावर ०.६ मिलिसेकंदाचा ट्रिगर मिळेल. मायक्रोकंट्रोलरवर चालणारी काही मॉड्युले एवढा छोटा ट्रिगर पाहतच नाहीत. ४७ नॅनोफॅरड लावले की कुठलाही नग आला तरी काम होते. एनई५५५ हा टायमर लावायचा विचार असेल तर त्याचे आउटपुट ५ व्होल्टांच्या सप्लायवर वरपर्यंत जात नाही हे लक्षात घ्यावे. त्याऐवजी टीएलसी५५५ घ्यावा.

पातळी कुठे ठेवावी हे मात्र ऐकूनच ठरवावे लागते. या सर्किटची फेरी बऱ्यापैकी एका वेगाने फिरते, बदलते ती फेरीची उंची. पातळी मध्यावर ठेवली तर जवळजवळ प्रत्येक फेरीला ट्रिगर मिळतो आणि चाल किंचित डुलणारी, पण ओळखीची वाटते. पातळी टोकाकडे नेली की फक्त उंच फेऱ्याच ती ओलांडतात, मग कधी दोन, कधी पाच, कधी तीन फेऱ्यांनंतर ठोका पडतो. ठेका कळतो, पण सम कुठे येणार ते कळत नाही. मी एक कंपॅरेटर मध्याजवळ आणि दुसरा टोकाजवळ ठेवतो, पहिल्यावर टिकटिक आणि दुसऱ्यावर खर्ज देतो. ठोक्यांमधले अंतरच पूर्ण विस्कळीत हवे असेल, तर दोन पाकळ्यांच्या आकृतीचे वेगळे सर्किट लागते, या सर्किटकडून ती अपेक्षा करू नये.

हे सगळे करावे की नाही, हे आपल्या परिस्थितीवर ठरेल. यंत्रणा बॅटरीवर आणि प्रवासात चालवायची असेल तर वरचा मार्ग योग्य आहे. केसमध्ये जागा असेल आणि एकच मॉड्युल हवे असेल, तर ५ व्होल्टांपासून ±१२ व्होल्ट देणारे छोटे डीसी-डीसी मॉड्युल आणून मूळ सर्किट आहे तसे चालवणे कमी कष्टाचे आहे. मग फक्त आउटपुट ० ते ५ मध्ये आणायचे असते आणि तिथे एलएम३९३ ऐवजी एलएम३११ वापरावा. एलएम३९३ ला ±१२ दिले तर त्याचे आउटपुट खाली येताना थेट उणे १२ व्होल्टांपर्यंत जाते आणि पुढच्या ५ व्होल्टांच्या इनपुटचे काही खरे नसते. एलएम३११ मध्ये आउटपुटचा ग्राउंड वेगळ्या पायावर असतो. तो ० व्होल्टांना आणि पुल-अप रेझिस्टर ५ व्होल्टांना जोडला की प्रश्न मिटतो. आयसीएल७६६० ने उणे ५ व्होल्ट करण्याचा सल्लाही आपल्याला कोणी देईल. तो चालतो, पण त्याची शिट्टी ऑडिओत उतरते, म्हणून मी तो टाळतो.

तिसरा पर्याय रंगलरचा. नेदरलँड्सचे रॉब हॉर्डाइक यांनी बेंजोलिन या सिंथमध्ये वापरलेली ही कल्पना ५ व्होल्टांवर स्वभावतःच रुळते. दोन ऑसिलेटर असतात, एक सीडी४०२१ या आठ टप्प्यांच्या शिफ्ट रजिस्टरला (प्रत्येक ठोक्याला बिट एकेक घर पुढे सरकवणाऱ्या आयसीला) क्लॉक देतो आणि दुसरा माहिती. शेवटचे तीन बिट रेझिस्टरांच्या शिडीतून जाऊन आठ पायऱ्यांचे व्होल्टेज बनते आणि ते परत दोन्ही ऑसिलेटरांना वळवते. इथे सगळ्या पातळ्या सप्लायमधूनच येतात, त्यामुळे त्या आपोआप एकत्र आकसतात. ५ व्होल्टांवर एक पायरी ०.६२५ व्होल्टांची आणि सर्वांत वरची ४.३७५ व्होल्टांची होते. सांभाळायचे ते एवढेच की ऑसिलेटरच्या इनपुटला जाणारा करंट तोच राहावा. व्होल्टेज अडीचपट कमी झाले असेल तर १०० किलोओहमचा इनपुट रेझिस्टर ३९ किलोओहम करावा. शिडी १०० आणि २०० किलोओहमची ठेवावी, कारण ५ व्होल्टांवर ४००० मालिकेच्या आयसींचे आउटपुट अशक्त असते आणि खात्रीने अर्धा मिलिअँपिअरच देते. ट्रिगर थेट बिटांवरून घेता येतात. आपल्याला संथ बदलणारे व्होल्टेज नको असून फक्त ट्रिगर हवे असतील, तर मी आपल्या जागी असतो तर आधी हेच बांधले असते.

जाता जाता, हे मॉड्युल कधी युरोरॅकशी जोडणार असाल तर आपला ५ व्होल्टांचा ट्रिगर तिकडे बहुधा सहज चालेल, पण तिकडून येणाऱ्या प्रत्येक इनपुटवर १०० किलोओहम आणि दोन्ही रेलकडे एकेक डायोड द्या. तसे न करता नुसते १० किलोओहम आणि डायोड दिले, तर आपली केस बंद असतानाही बाहेरून आलेला करंट त्या डायोडमधून आत शिरून अर्धवट जागी झालेली मॉड्युले चालवू पाहतो.

आता आपण एवढे करा. मूळ सर्किट पुन्हा ±१२ व्होल्टांवर चालवा, तिन्ही इंटिग्रेटरांच्या आउटपुटची वरची आणि खालची टोके मोजून लिहा, आणि आकृतीत तो १एन४१४८ ऑप-अँपच्या लूपच्या आत आहे की बाहेर ते पाहा. ते आकडे, संदर्भाच्या रेझिस्टरची किंमत आणि व्हर्च्युअल ग्राउंडच्या दोन रेझिस्टरांच्या किमती कळवल्यात, तर ५ व्होल्टांसाठीच्या नेमक्या किमती काढून देता येतील.